डेकवरचे झिजलेले क्लीट आणि कप्प्या: दुरुस्तीची सुरुवात भोकापासून

शिडाच्या लहान होडीवरचे एखादे क्लीट (दोर अडकवून बांधायचा खुंटा) हलू लागले किंवा बोल्टाभोवती तपकिरी ओघळ दिसू लागला, की बहुतेक जण नवा भाग आणून त्याच जुन्या भोकांत बसवतात. भाग नवा होतो, दुखणे मात्र तसेच राहते. फायबरग्लासच्या अनेक डेकमध्ये दोन पातळ थरांच्या मध्ये बाल्साचे लाकूड, प्लायवूड किंवा फोम असतो. बोल्टाच्या भोकातून झिरपलेले पाणी लाकडाच्या गाभ्यात पोहोचले, की तो कुजतो आणि कितीही आवळलेला बोल्ट काही दिवसांत पुन्हा सैल होतो.

म्हणून आधी भोकाभोवतीचे डेक स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर गाभा बहुधा शाबूत आहे. आवाज बद्द येत असेल आणि तो भाग हातभर पसरलेला असेल, तर वरचा थर कापून गाभाच बदलावा लागतो आणि ते काम वेगळे.

गाभा फक्त भोकापुरता खराब असेल तर ६ मिलिमीटरच्या बोल्टासाठी वरचा थर आणि गाभा साधारण १२ मिलिमीटरपर्यंत मोठा करावा, खालचा थर तसाच ठेवून त्यातल्या भोकावर आतून चिकटपट्टी लावावी. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये अडकवून फिरवला, की थरांमधला कुजका चुरा निघून येतो. यानंतर गाभा पूर्ण वाळू द्यावा. येथे घाई केली तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात, कारण ओल्या लाकडाला इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर कडक होणारी राळ) नीट धरत नाही. प्रथम पातळ इपॉक्सीने कडा भिजवाव्यात, मग सिलिका पूड मिसळून दाट केलेले इपॉक्सी भरावे आणि ते कडक झाल्यावर त्यातून बोल्टाच्या मापाचे भोक पाडावे. भोकाच्या तोंडाला किंचित उतार दिला, तर सीलंटला (पाणी अडवणाऱ्या लेपाला) थांबायला जागा मिळते.

सीलंट म्हणून ब्युटिल टेप मला सर्वांत सोयीची वाटते, फक्त इंधनाच्या झाकणाजवळ ती वापरू नये, कारण पेट्रोल आणि डिझेलने ती विरघळते. पॉलिसल्फाइडही चांगले, पण अॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला ते अपाय करते. कायमचे चिकटवणारे पॉलियुरेथेन टाळावे. नाहीतर पुढच्या वेळी क्लीट काढताना डेकचा थरच उचकटून येईल. खालून रुंद, जाड आधारपट्टी घालावी. आवळताना एकाने वरून बोल्ट स्थिर धरावा आणि दुसऱ्याने खालून नट फिरवावा. बोल्टच फिरवला तर त्याच्याभोवतीचे सीलंट तुटते.

बॉल बेअरिंगच्या कप्प्या अडखळत असतील तर त्या गोड्या पाण्याने भरपूर धुवाव्यात. त्यांत ग्रीस भरू नये, त्याला रेती चिकटते. कप्पीचे चाक उन्हाने तडकले असेल किंवा कॅम क्लीटचे (दोन दातेरी जबड्यांत दोर पकडणाऱ्या क्लीटचे) दात गुळगुळीत झाले असतील, तर भाग बदलणेच योग्य. विंच (दोर गुंडाळून ताणायचे फिरते यंत्र) उघडताना भोवती खोक्याची भिंत करावी, कारण तिला उलटे फिरू न देणाऱ्या खटक्यांच्या इवल्या स्प्रिंगा पाण्यात उडी घ्यायला टपलेल्याच असतात. त्या खटक्यांना पातळ तेल आणि दात्यांना थोडे ग्रीस लावावे.

डोलकाठीला उभे धरणारे ताण ज्यांना बांधलेले असतात, त्या चेनप्लेट (धातूच्या पट्ट्या) मात्र वरून चकचकीत दिसल्या तरी बाहेर काढूनच तपासाव्यात. डेकच्या जाडीत अडकलेल्या ओल्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही, त्यामुळे स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक थर टिकत नाही आणि नेमका तेथेच खड्डा पडतो. एका वेळी एकच ताण सोडावा आणि त्याआधी शीड चढवण्याचा दोर त्याच बाजूच्या भक्कम कड्याला ताणून बांधावा. पट्टीवर तडा किंवा खोल खड्डा दिसला तर वेल्डिंग करून ती परत बसवू नये, नवीच घालावी. सगळे बसल्यावर एकाने डेकवर पाण्याचा पाइप धरावा आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन प्रत्येक नट कोरडा आहे का ते पाहावे.