बाइकवर मागे बसलेलं मूल पेंगतं? हार्नेस घरातच घाला

पाळणाघरातून लेकीला घेतलं की सायनच्या सिग्नलपर्यंत तिची मान माझ्या पाठीवर डुलायला लागते. पेंगणाऱ्या मुलाची पकड कधी सुटते ते चालवणाऱ्याला कळतच नाही.

१. हार्नेस, म्हणजे मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारं पट्ट्यांचं जाकीट, रस्त्यावर घाईत नको. आत, मूल उभं असतानाच घालून पट्टे ओढून घ्या. गाडीवर बसल्यावर फक्त आपल्या बाजूचं बकल लावायचं. पावसाळ्यात रेनकोट आधी, हार्नेस त्यावर.

२. हेल्मेटचा पट्टा लावून मागून पुढे ढकलून बघा. डोक्यावरून निघालं तर ते मोठं आहे. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून घेतलेलं हेल्मेट पडल्यावर डोक्यावर राहत नाही.

३. दप्तर मुलाच्या पाठीवर नको, ते मागे ओढतं.

९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांसाठी हार्नेस आणि हेल्मेट दोन्ही नियमानेच लागतात, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. चार वर्षांनंतरही हेल्मेट हवंच.

ओढणीने बांधणं मात्र कृपा करून टाळा. गाठ सैल पडते, टोक चाकात जातं. गाढ झोप लागलीच तर गाडी बाजूला घ्या, पाणी पाजा, पूर्ण जागं झाल्यावरच निघा.