दोन मुक्कामांच्या सुट्टीत बार्बलची मासेमारी

इंग्लंडमधल्या नद्यांवर गळ घेऊन बसणाऱ्यांना बार्बलइतकी ओढ क्वचितच दुसऱ्या एखाद्या माशाची असते. रोहू, कटला आणि महसीर ज्या कुळातले, त्याच कुळातला हा मासा. त्याचे अंग लांबट आणि सोनेरी-तपकिरी, पोट जवळजवळ सपाट, तोंड खालच्या बाजूला आणि तोंडाभोवती चार मिशा असतात. या मिशांनी तो तळाची चव घेत फिरतो, त्यामुळे पाणी गढूळ असले तरी गोट्यांखालच्या अळ्या आणि गोगलगायी त्याला सापडतात. सापडलेले कवच घशातल्या दातांनी चिरडून खाणे हे त्याचे रोजचे काम आहे. तो जोरदार प्रवाहात, तळाला चिकटून राहतो आणि गळाला लागल्यावर त्याच प्रवाहाचा फायदा घेऊन झुंजतो.

हा मासा पाहण्यासाठी आठवडाभराची रजा लागत नाही. दोन रात्री आणि तीन दिवस पुरतात. मात्र थोड्या दिवसांत जास्तीत जास्त जागा पालथ्या घालण्याचा मोह आवरावा लागतो, कारण अशा सहली सामान कमी पडल्यामुळे नव्हे, तर माणूस एका जागी पुरेसा थांबत नसल्यामुळे फसतात. एक नदी, तिचा एक टप्पा आणि त्या टप्प्यातल्या दोन जागा एवढेच ठरवून निघावे, असे माझे ठाम मत आहे.

कधी आणि कोणत्या नदीवर

इंग्लंड आणि वेल्समधल्या नद्यांवर 15 मार्च ते 15 जून या काळात बार्बलची मासेमारी बंद असते आणि 16 जूनला हंगाम उघडतो. बार्बल साधारण मे-जूनमध्ये उथळ, खडीच्या पाण्यात अंडी घालतो, त्यामुळे हंगामाच्या पहिल्या दिवसांत बरेच मासे थकलेले आणि हडकलेले असतात. छोट्या सहलीसाठी ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ मला सर्वांत भरवशाचा वाटतो. त्या दिवसांत पाणी अजून उबदार असते, मासा अंगाने भरलेला असतो आणि संध्याकाळ लवकर होऊ लागल्यामुळे दिवेलागणीची मोक्याची वेळ सोयीच्या तासाला येते. हिवाळ्यातही बार्बल मिळतो, पण पाण्याचे तापमान 8 अंश सेल्सियसच्या खाली गेले की तो क्वचितच खातो. म्हणून हिवाळी सहल उबदार पावसानंतर नदी फुगून ओसरू लागली असेल तेव्हाच आखावी.

शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती आणि ब्रिटन युरोपच्या भूमीला जोडलेले होते. त्या काळी पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचे ऱ्हाईनशी नाते होते, म्हणून थेम्स, तिची उपनदी केनेट, ट्रेंट आणि यॉर्कशरमधल्या नद्या ही बार्बलची मूळ घरे आहेत. पश्चिमेच्या सेव्हर्न नदीत तो 1956 मध्ये केनेटमधून आणून सोडला गेला आणि तिथे त्याने असा जम बसवला की आज सेव्हर्नचे मधले खोरे या माशासाठीच ओळखले जाते. वाय नदीतही तो आता भरपूर आहे. ट्रेंटमध्ये मासे मोठे मिळतात, पण नदी रुंद असल्यामुळे अवजड सामान लागते. केनेट आणि हॅम्पशर एव्हन या नद्यांचे पाणी बहुधा नितळ असते, तिथले मासे फार सावध असतात आणि त्यांना ओळखायला दिवस जावे लागतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने म्हणूनच सेव्हर्नचा ब्यूडली ते ब्रिजनॉर्थ हा पट्टा निवडावा. नदी मध्यम रुंदीची आहे, तळ खडीचा आणि गोट्यांचा आहे, आणि किडरमिन्स्टरहून निघणारी सेव्हर्न व्हॅली रेल्वे ही वाफेच्या इंजिनांची जुनी रेल्वे या पट्ट्यात बराच वेळ नदीच्या सोबतीने धावते. ब्यूडली, आर्ली, हायली आणि हॅम्प्टन लोड ही स्थानके नदीपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. ही गाडी वर्षभर रोज धावत नाही, म्हणून तारखा आधी पाहून घ्याव्यात. वायची निवड केल्यास हेरफर्ड किंवा रॉस-ऑन-वाय इथे मुक्काम करावा. तिथल्या अनेक टप्प्यांचे दिवसाचे परवाने वाय अँड अस्क फाउंडेशनच्या फिशिंग पासपोर्ट या व्यवस्थेतून आधी नोंदवता येतात.

कागदपत्रे दोन लागतात आणि ती वेगवेगळी आहेत, हे नीट लक्षात घ्यावे. पहिला रॉड लायसन्स, म्हणजे गळाने मासे धरण्याचा सरकारी परवाना, जो 13 वर्षे आणि त्यापुढच्या प्रत्येकाला लागतो, एक दिवस, आठ दिवस किंवा बारा महिन्यांसाठी सरकारी संकेतस्थळावर मिळतो आणि इंग्लंड व वेल्स या दोन्हींकडे चालतो. 13 ते 16 वयाच्या मुलांसाठी तो विनामूल्य आहे, पण घ्यावा लागतोच. दुसरी त्या काठाच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी. समोरासमोरच्या दोन काठांचे हक्कही वेगळे असू शकतात, आणि रात्री बसता येईल का, कोणते आमिष चालेल, हे त्या परवानगीच्या अटींवरच ठरते.

पहिली दुपार काठावर चालण्याची

पोहोचल्या दिवशी रॉड खोलीवरच ठेवावा, पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा लावावा आणि निवडलेला टप्पा सावकाश चालून पाहावा. नदीच्या पृष्ठभागावर वेगाने वाहणारे पाणी आणि त्याच्या शेजारचे संथ पाणी यांच्यामधली शीव बहुतेक ठिकाणी स्पष्ट दिसते, आणि बार्बल या शिवेवर थांबतो, कारण तिथे फार ताकद न लावता वाहून येणारे अन्न त्याला मिळते. ही शीव खडीच्या तळावरून जात असेल आणि जवळच लपायला जागा असेल, म्हणजे पाण्यावर वाकलेले झाड, आतून पोखरलेला काठ किंवा लांब हिरव्या पाणवेलींचे झुबके असतील, तर ती जागा मनात नोंदवून ठेवावी. उथळ पाणी खोल होऊ लागते ती जागा आणि डोहाचे शेवटचे टोक याही चांगल्या जागा. उन्हात कधी तळाशी क्षणभर सोनेरी चमक दिसते. तो कुशीवर वळून तळ घासणारा बार्बल असतो, आणि अशी चमक दोनदा एकाच ठिकाणी दिसली तर जागेचा प्रश्न सुटला असे समजावे.

काठावरून उतरताना दोन वनस्पती ओळखता आल्या पाहिजेत. आपल्या तेरड्याच्या कुळातला हिमालयन बाल्सम उन्हाळ्यात माणसाएवढा उंच वाढतो आणि काठाची कड झाकून टाकतो, त्यामुळे पाऊल कुठे पडते आहे ते कळत नाही. जायंट हॉगवीड नावाच्या, छत्रीसारख्या पांढऱ्या फुलोऱ्याच्या प्रचंड झाडाला तर हातही लावू नये. त्याचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले की भाजल्यासारखे फोड येतात.

आमिष घालून जागा तयार करणे

या सगळ्या खटाटोपात सर्वाधिक फळ देणारे काम हेच आहे, आणि घाईत नेमके तेच टाळले जाते. दोन जागा ठरल्या की त्यांत आधी खाद्य घालावे आणि मग त्यांना विसावा द्यावा. खाद्य म्हणून हेम्प, म्हणजे भांगेचे बी, आणि त्यात मिसळलेले लहान पेलेट, म्हणजे माशांच्या खाद्याच्या घट्ट दाबलेल्या गोळ्या, यांना तोड नाही. हेम्प रात्रभर भिजवून, टरफल फुटून आतला पांढरा कोंब दिसेपर्यंत उकळावे. सुट्टीच्या ठिकाणी हे जमणार नसेल तर शिजवलेले हेम्प डब्यात मिळते. वाहत्या पाण्यात मूठभर बी नुसते फेकले तर ते तळाला पोहोचेपर्यंत कितीतरी खाली वाहून जाते, म्हणून बेट ड्रॉपर वापरावा. हा दोऱ्याला बांधायचा छोटा, वजनदार डबा असतो. तळाला टेकताच त्याचे झाकण उघडते आणि खाद्य एकाच ठिकाणी सांडते. आठ-दहा वेळा तो हलकेच सोडला की जागा तयार होते.

त्यानंतर किमान दीड-दोन तास त्या जागेत गळ टाकू नये. या शांत वेळात मासे निर्धास्तपणे येऊन खाऊ लागतात, एकमेकांशी स्पर्धा करू लागतात, आणि मग पहिलाच गळ बऱ्याचदा काम करतो. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला खाद्य घालून सूर्य कलताना बसावे आणि दुसरी जागा तिसऱ्या दिवसाच्या पहाटेसाठी राखावी. भर दुपार झोपेला किंवा गावात फिरायला द्यावी. स्वच्छ, उथळ पाण्यात लखलखीत उन्हात बार्बल सहसा आडोशातून बाहेर येत नाही. पावसाने पाणी चहाच्या रंगाचे झाले असेल तर हा नियम मोडावा, कारण तेव्हा तो दिवसभर खातो.

सामान आणि मांडणी

सेव्हर्न आणि वायसाठी 11 ते 12 फुटांचा, सुमारे पावणेदोन पौंड टेस्ट कर्व्हचा (हे रॉडच्या ताकदीचे माप) बार्बल रॉड, 4000 आकाराचे मजबूत रील आणि 10 ते 12 पौंडांचा ताण सोसणारा दोरा एवढे पुरते. याहून बारीक दोरा वापरू नये, कारण तो तुटला तर गळ घेऊन मासा जातो आणि त्याची शिक्षा त्यालाच होते. त्याच कारणासाठी फीडर (खाद्य भरायची छोटी वजनदार नळी) किंवा वजन दोऱ्यावर मोकळे सरकणारे असावे, म्हणजे दोरा वर तुटलाच तरी माशाला ते ओढत फिरावे लागणार नाही. वजन तळाला जेमतेम टिकेल इतकेच घ्यावे. शिशाच्या वजनांबाबत कायदा असा आहे की 0.06 ग्रॅमपेक्षा जास्त आणि 28.35 ग्रॅमपर्यंतची शिशाची वजने वापरता येत नाहीत, कारण ती गिळून हंस मरत असत.

गळ 8 ते 12 क्रमांकाचा, बिनकाट्याचा असावा आणि गळाचा दोर साधारण हाताच्या लांबीचा. पाणी नितळ असेल तर त्याहून लांब. आमिष गळावर न खोचता गळामागे सोडलेल्या केसासारख्या बारीक दोऱ्यात ओवावे, याला हेअर रिग म्हणतात. गळ उघडा राहिल्यामुळे मासा आमिष तोंडात घेतो तेव्हा तो ओठात पटकन बसतो. आमिष म्हणून 8 ते 12 मिलिमीटरचा हॅलिबट पेलेट किंवा छोटी बॉयली, म्हणजे उकडलेल्या पिठाची गोळी, उत्तम. लंचन मीटचा, म्हणजे डबाबंद मांसाचा, ओबडधोबड तुकडा आजही तितकाच चालतो, विशेषतः गढूळ पाण्यात.

गळ तयार केलेल्या जागेत, किंचित खालच्या अंगाला टाकावा आणि वजन तळाला बसल्यावर थोडा दोरा सैल सोडावा, म्हणजे पाण्यात त्याची कमान होते आणि वजन जागचे हलत नाही. झाडाची पाने आणि वेली वाहून येत असतील तर रॉडचे टोक खाली धरावे. टोकाला बारीक थरथर दिसली तर काहीही करू नये. बहुतेकदा ती दोऱ्याला घासून गेलेल्या माशाची असते. बार्बलने आमिष घेतले की शंकेला जागा उरत नाही. टोक एकदम, कोणी हिसकावून न्यावे तसे वाकते आणि रील ओरडू लागते. म्हणून रॉड सोडून उठू नये. तसा सोडून जाणे बेकायदाही आहे.

पहिली धाव झाडाच्या मुळांकडे असते. रॉड आडवा आणि खाली धरून बाजूने ताण द्यावा, ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, असा लावलेला असावा की दोरा तुटण्याआधी रील सुटेल, आणि शक्य असेल तर चालत माशाच्या खालच्या अंगाला जावे, म्हणजे त्याला प्रवाहाशीही झगडावे लागते. लढत विनाकारण लांबवू नये.

मासा हातात आल्यावर

बार्बल शेवटची ताकद संपेपर्यंत लढतो, आणि त्यामुळे तो काठावर आणलेला क्षण त्याच्यासाठी सर्वांत धोक्याचा असतो. मोठ्या तोंडाची, मऊ आणि बारीक विणीची जाळी आधीच पाण्यात ठेवलेली असावी. त्याच्या पाठीवरच्या पराचा मोठा काटा मागच्या बाजूने करवतीसारखा दातेरी असतो आणि तो जाळीत अडकू शकतो. तेव्हा ओढाताण न करता तो हलकेच सोडवावा. मासा जाळीत आला की जाळी पाण्यातच, त्याचे तोंड प्रवाहाकडे राहील अशी धरावी आणि त्याला श्वास घेऊ द्यावा. गळही पाण्यातच काढता आला तर उत्तम. फोटो हवाच असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवावा, हात ओले करावेत, मासा ठेवायची मऊ गादी भिजवून जमिनीवर अंथरावी आणि मासा त्या गादीवर गुडघे टेकून, जमिनीलगतच धरावा.

सोडताना दोन्ही हातांनी त्याला सरळ, प्रवाहाकडे तोंड करून, वाहत्या पण फार जोर नसलेल्या पाण्यात धरावे. कल्ल्यांची उघडझाप संथ आणि खोल होते, मग शेपूट वळवळते आणि अखेर तो हातातून स्वतः जोर लावून निघतो. तोवर सोडू नये, मग दहा मिनिटे लागोत किंवा अधिक. कडक उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि चांगला दिसणारा मासाही नंतर उलटा होऊन वाहून जातो. उष्णतेची लाट असेल तर बार्बलसाठी गळ टाकूच नये, मग सुट्टीचे पैसे भरलेले असले तरी. मोठा बार्बल घरी नेणे नियमात बसत नाही, आणि त्याची अंडी विषारी असतात.

शेवटच्या सकाळी निघण्यापूर्वी तुटलेल्या दोऱ्याचा प्रत्येक तुकडा गोळा करावा, कारण पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. जाळी, गादी आणि बूट यांवरचा चिखल धुऊन ते पूर्ण वाळवावेत. ओल्या जाळीतून परके जीव आणि रोग एका नदीतून दुसरीत जातात, म्हणून त्याच प्रवासात दुसरी नदी गाठायची असेल तर वाळलेली दुसरी जाळी सोबत ठेवावी.