आधी हिच, मग हवा: एअरबॅग आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिच एकत्र कसं सेट करायचं

ट्रेलर जोडला की गाडी मागून बसते आणि बरेच जण लगेच एअरबॅगमध्ये (मागच्या स्प्रिंगला मदत करणाऱ्या हवेच्या पिशव्या, अपघातातल्या नाहीत) हवा भरून तिला सरळ करतात. दिसायला गाडी सरळ होते पण पुढच्या चाकांचं काय? समजा बॉलवर (गाडीच्या मागचा गोळा, ज्यावर ट्रेलर बसतो) ३०० किलो आलेत, बॉल मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे आहे आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) ३ मीटर, तर मागच्या एक्सलवर ३०० नाही तर ४२० किलो वाढतात, कारण पुढच्या चाकांवरचे १२० पण मागे येतात. मग स्टिअरिंग हलकं लागतं, पुढच्या ब्रेकची पकड कमी होते. हवा भरून फक्त उंची वाढते, ते १२० किलो काही पुढे जात नाहीत. ते काम वेट डिस्ट्रिब्यूशन हिचच्या (वजन पुढे वाटून देणाऱ्या जोडणीच्या) स्प्रिंग बारचं, म्हणजे ताण देऊन लावायच्या दांड्यांचं.

म्हणून गाडीत नेहमीचं सामान आणि माणसं बसवा, सपाट जागा बघा, एअरबॅगमध्ये कंपनीने सांगितलेली कमीत कमी हवा ठेवा (पूर्ण रिकामी नको, बॅग खराब होते) आणि ट्रेलर न जोडता पुढच्या चाकाच्या मधोमध जमिनीपासून फेंडरपर्यंत (चाकावरच्या पत्र्यापर्यंत) उंची मोजा. मग ट्रेलर जोडून, बार न लावता परत मोजा. आता कपलर (ट्रेलरचा बॉलवर बसणारा भाग) लॉक करून जॅकने ट्रेलरचं तोंड आणि गाडीची मागची बाजू एकत्र वर घ्या म्हणजे बार सहज चढतात. बार लावून जॅक सोडला की तिसऱ्यांदा मोजा. पुढची उंची ९० सेंमीची ९३ झाली असेल तर बार लावल्यावर निदान ९१.५ यायला हवी. काही गाड्यांना अर्धीच परत आणायला सांगतात, काहींना पूर्ण, ते मॅन्युअलमध्ये बघा, पण मूळ उंचीच्या खाली मात्र नेऊ नका कारण मग मागची चाकं हलकी होऊन गाडी मागून घसरू शकते.

एवढं झाल्यावरही मागून थोडी खाली वाटली तर हवा भरा, पण थोडी थोडी, आणि दर वेळी पुढची उंची परत मोजा, कारण मागची बाजू वर गेली की बारचा ताण कमी होतो आणि पुढे पाठवलेलं वजन परत मागे येतं. हे बहुतेक लोक तपासतच नाहीत! पुढची उंची वाढली तर हवा कमी करा किंवा बारची साखळी एक कडी आवळा. ट्रेलर सपाट किंवा तोंडाकडे किंचित खाली हवा, तोंड वर असेल तर डोलायला लागतो.

गाडीला कंपनीचंच ऑटो लेव्हलिंग सस्पेन्शन असेल तर मॅन्युअलमधली पद्धतच वापरा.

आणि एअरबॅग किंवा जाड स्प्रिंग लावून गाडीची क्षमता वाढत नाही. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर एक्सलची लिमिट असते तीच राहते, हिचची लिमिट पण वाढत नाही. टंग वेट (बॉलवर येणारं वजन) ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवा आणि जमलं तर वजनकाट्यावर प्रत्येक एक्सल वेगळा तोलून घ्या, नुसती गाडी, बार न लावता आणि बार लावून, असं तीनदा.