सेंट्रिंगवाल्याची माणसंही पॉलिसीत घ्या

स्लॅबच्या आदल्या दिवशी फळी सरकली. खालून मुकादम ओरडला, "आबा, पोऱ्या पडना!" चोपड्याकडचा वीस वर्षांचा पोरगा, मांडीचं हाड मोडलेलं. ठेकेदार म्हणून माझ्याकडे कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी होती, पण त्यात चार मिस्तरी आणि सहा बिगारी एवढेच लिहिलेले. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचं काम, मी दुसऱ्याला फुटाच्या दरानं दिलं होतं, त्याची माणसं मी मोजलीच नव्हती. दावा नामंजूर झाला आणि ऑपरेशन कपाशीच्या पैशातून झालं.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा मूळ १९२३ चा, आता तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आला आहे. काम तुमचं असेल तर पोटठेकेदाराच्या माणसाची भरपाईही आधी तुमच्याकडेच मागता येते. त्याच्याकडून वसुली तुम्ही नंतर करत बसा.

म्हणून एजंटाला फोन लावण्याआधी हजेरीची वही उघडा. सेंट्रिंग, गिलावा, फरशी, रंग, प्लंबर, वर्षभरात साइटवर चढणारा प्रत्येक जण लिहा: नाव, वय, काम, रोज. आधारची झेरॉक्स घ्याच, कारण भरपाई वयावर ठरते. तीस वर्षांचा माणूस कामावर असताना दगावला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले २०७.९८ असा हिशेब होतो. पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, म्हणजे १५,५९,८५० रुपये. ही रक्कम आपल्यातला कुठला ठेकेदार खिशातून देईल?

हप्ता वर्षाच्या एकूण मजुरीवर बसतो, म्हणून बरेच जण मजुरी कमी दाखवतात. तसं करू नका. नऊशे रोज देऊन कागदावर चारशे लिहिले, तर दाव्याच्या वेळी तोच कागद तुमच्यासमोर येतो. अंदाज थोडा चुकला तर चालतो, वर्षअखेरीला खरी मजुरी दाखवून हप्त्याचा फरक मिटवता येतो.

एजंटाला तीन गोष्टी स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पोटठेकेदाराची माणसं आली का? दवाखान्याचा खर्च आला का? तो बहुतेक वेळा जादा हप्ता भरूनच मिळतो. चालू असलेल्या सगळ्या साइटी आल्या का? बांधकामाची पॉलिसी वेगळी असते, ती इमारतीची आणि मालाची. तिच्या भरवशावर आपल्या मजुराला सोडू नका.

अपघात झालाच तर आधी दवाखाना. तिथं "घरी पडला" असं कुणालाही सांगू देऊ नका. पोलिसांच्या भीतीनं आपली माणसं हेच सांगतात, मग केसपेपरवर तेच उमटतं आणि दावा तिथंच बुडतो. सरकलेली फळी उचलण्याआधी फोटो काढा, त्या दिवशीच्या हजेरीच्या पानाचाही काढा. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. भरपाई महिनाभर रखडली तर १२ टक्के व्याज लागतं, वर दंडही होऊ शकतो, आणि हे दोन्ही साध्या पॉलिसीत सहसा नसतात. मृत्यू झाला असेल तर भरपाई घरच्यांच्या हातात परस्पर देऊ नका. ती कायद्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे भरावी लागते. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरत नाहीत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मजूर गावी जातात, साइट थंड असते. त्याच आठवड्यात मी वही घेऊन बसतो, नवी नावं चढवतो आणि पॉलिसी नव्यानं करून घेतो. सेंट्रिंगवाल्याची यादी हातात आल्याशिवाय त्याला इसार देत नाही.