हातोडीने खिळा नीट कसा ठोकावा: जुनी हत्यारं आणि संत्र्याची एक पेटी

नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीत खिळे अजूनही किलोवर मिळतात. किती इंची आणि किती गेजचे, एवढं सांगितलं की दुकानदार तराजूकडे वळतो. फर्निचरवाले मात्र आता हवेच्या दाबावर चालणारी खिळ्यांची बंदूक घेऊन येतात आणि बघता बघता कपाट उभं करतात. त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पण स्टुलाची ढिली पट्टी बसवायची किंवा जुन्या पेटीचं कुंड्या ठेवायला खोकं करायचं, एवढ्यासाठी बंदूक कोण आणणार? तिथे हातोडीच लागते. हातोडी, खिळा, सुंबा (खिळ्याचं डोकं लाकडात बुडवायची बोथट टोकाची सळई) ही हत्यारं अशीच का घडली हे कळलं, तर ती वापरायची कशी हे निम्मं कळलंच म्हणून समजा.

सरावासाठी संत्र्याची लाकडी पेटी घ्या. कळमन्याच्या बाजारात आता प्लास्टिकचे क्रेटच जास्त दिसतात, तरी लाकडी पेट्या फळवाल्यांकडे नाहीतर भंगारात सापडतात. लाकूड पातळ, फिकट आणि कोरडं असतं, एक ठोका चुकला की उभं फाटतं. शिकायला असंच लाकूड हवं. सागावर सगळ्यांचाच हात बरा वाटतो.

आधी खिळ्याची ओळख

खिळा लाकडाला चिकटत नाही. तो तंतू दाबून, सारून आत शिरतो आणि ते तंतू त्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात. सगळी पकड एवढीच. खिळा कोणत्या आकाराचा, हा प्रश्न खरं तर तंतूंचं काय होतं, हा प्रश्न आहे.

पूर्वी खिळा लोहार घडवायचा. सळई तापवायची, चारही अंगांनी ठोकून निमुळती करायची, हवी तेवढी तोडायची, मग भोक असलेल्या जाड लोखंडी पट्टीत घालून वर राहिलेल्या टोकावर दोन-चार घाव घालायचे. डोकं पसरलं की खिळा तयार. रोमन सैन्य हे काम केवढ्या प्रमाणावर करत होतं त्याचा पुरावा स्कॉटलंडमधल्या इंचटुथिल इथे मिळाला. इसवी सन ८६-८७ च्या सुमारास छावणी सोडताना त्यांनी पावणेनऊ लाखांच्या आसपास खिळे खड्ड्यात पुरून टाकले होते. शत्रूच्या हाती एवढं लोखंड लागू नये, म्हणून! खिळा तेव्हा किती मोलाचा होता ते यावरून कळतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात तर लोक घर सोडताना खिळे काढून घेण्यासाठी अख्खं घर जाळायचे. १६४५ च्या सुमारास तिथे त्यावर कायदा करावा लागला: घर जाळू नका, त्यात होते तेवढे खिळे आम्ही देऊ.

पुढे लोखंडी पत्र्यातून खिळे कापणारी यंत्रं आली. जेकब पर्किन्स या अमेरिकन संशोधकाने १७९५ मध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं. पण यंत्रं येत होती त्याच काळात हातकामही चालूच होतं. ‘सर्व माणसं समान’ असं अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनने १७९४ मध्ये आपल्या मॉन्टिसेलोच्या मळ्यावर खिळ्यांचा कारखाना काढला आणि तिथल्या भट्ट्यांवर दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुलं राबवली. खिळ्याच्या इतिहासात हे पानही आहे.

कापीव खिळा पाचरीसारखा असतो: दोन बाजू समांतर, दोन निमुळत्या, टोक बोथट. बोथट टोक तंतू तोडत, खाली दाबत जातं, त्यामुळे लाकूड कमी फाटतं आणि वाकलेले तंतू खिळ्याला परत वर येऊ देत नाहीत. असा खिळा ठोकताना त्याची रुंदावत जाणारी बाजू लाकडाच्या रेषेला समांतर ठेवायची, आडवी ठेवली तर पाचर मारल्यासारखं लाकूड दुभंगतं. सोफ्याच्या कामातल्या छोट्या काळ्या चुका, म्हणजे बारीक खिळे, याच जातीच्या.

आज आपण ज्याला खिळा म्हणतो तो तारेचा, गोल आणि अणकुचीदार. पोलाद स्वस्त झालं आणि १८९० च्या दशकात त्याने अमेरिकेत कापीव खिळ्याला मागे टाकलं. तो स्वस्त आणि सरळ असतो, पण त्याचं अणकुचीदार टोक तंतू तोडत नाही, दोन बाजूंना फाकवतं. पातळ फळीच्या कडेला तो लाकूड फोडतो तो यामुळेच. खाली सांगितलेली बहुतेक काळजी या एका दोषापायी घ्यावी लागते.

हातोडी निवडताना

घरकामाला अर्धा किलोच्या आतली, मागे चिमटा असलेली हातोडी पुरते. खिळे उपटायचा हा चिमटा रोमनांच्या हातोड्यांनाही होता. अडचण दांड्याची होती. खिळा उपटताना जोर लावला की डोकं दांड्यावर ढिलं व्हायचं आणि कधी तरी उडून समोरच्याला लागायचं. न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्विचच्या डेव्हिड मेडोल या लोहाराने १८४० च्या दशकात यावर उपाय काढला. दांडा बसतो ते भोक त्याने वाकसाच्या (लाकूड तासायच्या हत्याराच्या) भोकासारखं खाली लांबवलं, म्हणजे डोक्याला दांड्याची जास्त लांबी धरायला मिळाली. दुकानात हातोडी घेताना डोक्याखाली ती लांबलेली मान आहे का ते बघा आणि डोकं हलवून पाहा. जराही डुगडुगलं तर ठेवून द्या.

दुसरं, हातोडीच्या तोंडावरून बोट फिरवा. चांगलं तोंड पूर्ण सपाट नसतं, मध्ये किंचित फुगीर असतं. शेवटच्या ठोक्याला लाकडावर चंद्रकोरीसारखा वण पडू नये यासाठी ही फुगी असते. छोट्या चुकांसाठी मागे चिमट्याऐवजी चपटी, आडवी धार असलेली हलकी हातोडी मिळते. ती धार दोन बोटांच्या फटीतून जाते, म्हणून चूक उभी करताना बोट वाचतं.

एका हातोडीवर दुसरी हातोडी कधीही आपटू नका. कडक पोलादाचा टवका उडतो आणि डोळ्यात जातो.

पहिली पायरी: पेटी सोडवा

फळी थेट उपटली तर खिळ्याचं डोकं लाकडातून आरपार निघून येतं आणि फळी फुकट जाते. फळीवर आतून, खिळ्याच्या जवळ, लाकडाचा तुकडा ठेवून त्यावर ठोका. फळी पाव इंच उचलली की बाहेरून तिला परत खाली ठोका. फळी बसते, पण खिळ्याचं डोकं वरच राहतं. आता चिमटा त्याखाली घाला, हातोडीखाली एक लाकडी ठोकळा सरकवा आणि दांडा मागे खेचा. ठोकळ्यामुळे जोर वाढतो, खिळा सरळ वर येतो आणि फळीवर खड्डा पडत नाही.

निघालेले खिळे दगडावर ठेवून, फुगलेली बाजू वर करून हलके ठोकत सरळ होतात. पण एकदा वाकलेला खिळा पुन्हा त्याच जागी वाकतो, म्हणून तो जोडकामाला नको.

दुसरी पायरी: खिळा आणि जागा

खिळ्याची लांबी वरच्या फळीच्या जाडीच्या साधारण तिप्पट हवी. पाऊण सेंटिमीटरच्या फळीला एक इंची खिळा चालतो. तो नेहमी पातळ लाकडातून जाडात ठोकायचा. फळीच्या डोक्याच्या बाजूने, म्हणजे जिथे तंतूंची तोंडं दिसतात तिथे ठोकलेल्या खिळ्याला पकड कमी मिळते. पेटीचे कोपरे आधी सुटतात ते याच कारणाने. शक्य असेल तर कोपऱ्यात आतून एक चौकोनी पट्टी द्या आणि दोन्ही फळ्या तिच्यात ठोका.

एकाच रेषेवर दोन खिळे ठोकले की फळी त्या रेषेवर फाटते. खिळे थोडे वर-खाली, नागमोडी बसवा.

तिसरी पायरी: आधी भोक

कडेजवळ खिळा ठोकायचा असेल तर आधी भोक पाडाच. आपल्याकडचे सुतार यासाठी सामता वापरायचे: गजाला दोरीचा वेढा आणि दोरीला धनुष्यासारखा दांडा, तो पुढे-मागे ओढला की गज गरगर फिरतो. छोट्या कामाला गिरमिट होतं, ते आजही मिळतं. हातात विजेचं ड्रिल असलं तरी नियम तोच: भोक खिळ्याच्या जाडीच्या पाऊणपट. त्याहून मोठं केलं तर तंतूंना आवळायला काही उरत नाही.

ड्रिल नसेल तर जुनी युक्ती आहे. खिळा उलटा धरून टोकावर हातोडीचा एक हलका ठोका द्या, टोक बोथट होईल. तारेचा खिळा मग थोडाबहुत कापीव खिळ्यासारखा वागतो, तंतू फाकवण्याऐवजी चिरडत जातो. पकड किंचित कमी होते, पण फळी शाबूत राहते. सागात खिळा जड जात असेल तर त्याला मेण लावा. साबण लावण्याची पद्धत आहे खरी, पण साबण ओल धरतो आणि खिळा गंजतो.

चौथी पायरी: ठोकणं

दांडा टोकाशी धरा. नवखा माणूस हमखास डोक्याजवळ धरतो आणि मग सगळा जोर त्याच्याच मनगटाला लागतो. खिळा टोकाजवळ न धरता डोक्याजवळ, अंगठा आणि तर्जनीत धरा. हातोडी चुकली तर बोट बाजूला फेकलं जातं, लाकडावर चेचलं जात नाही. सुरुवातीला फक्त मनगटाचे दोन-तीन हलके ठोके, खिळा उभा राहीपर्यंत. मग हात काढा आणि कोपरातून हातोडी येऊ द्या. जोर हातोडीच्या वजनाचा, आपलं काम तिला सरळ रेषेत आणायचं. आमच्या भागातले एक सुतार शिकाऊ पोराला दिवसभर एकच वाक्य ऐकवतात: “हातोडीले काय पाहून राहिला बे, खिळ्याले पाह्य!” याहून नेमकी सूचना मला कुठे सापडलेली नाही.

कानही उघडे ठेवा. खिळा जात असताना आवाज मोकळा येतो, डोकं फळीला टेकलं की एकदम भरीव होतो. तिथे थांबायचं. त्यानंतरचा ठोका लाकूड दाबतो, फळी चिरतो.

खिळे अगदी उभे न ठोकता एकमेकांकडे थोडे तिरपे ठोका, एक डावीकडे, दुसरा उजवीकडे. मग फळी सरळ ओढून निघत नाही. चूक बोटात मावत नसेल तर पुठ्ठ्याच्या तुकड्यात खोचून पुठ्ठा धरा. सोफेवाले चुका तोंडात धरून जिभेने एकेक पुढे आणतात आणि लोहचुंबकाच्या हातोडीवर डोक्याने चिकटवून घेतात. बघायला मजा येते, घरी करू नका.

पाचवी पायरी: सुंबा आणि वळवणं

डोकं दिसायला नको असेल तर शेवटचा मिलिमीटरभर हातोडीने न ठोकता सुंब्याने ठोका आणि वरचा खड्डा भुसा व गोंदाने बुजवा.

जिथे वजन येणार, उदाहरणार्थ कुंड्यांच्या खोक्याचा तळ, तिथे खिळा लांब घ्या, आरपार काढा आणि बाहेर आलेलं टोक वळवून ठोका. खाली दगड धरला की काम नीट होतं. टोक लाकडाच्या रेषेवर वळवलं तर सहज बुडतं, पण आडवं वळवलेलं जास्त धरतं, साधारण वीस टक्के जास्त. दिसायला बरं नाही, तळाला चालतं.

हातोडी आणि बंदूक यांच्यामधली मंडळी

हवेवरची बंदूक १९५० च्या सुमारास आली, पण खिळा न धरता तो बसवण्याची खटपट त्याआधीपासून चालू होती. सगळ्यात साधं हत्यार म्हणजे पिन ढकलणी. एका नळीत लोहचुंबकाची काडी असते, तिला बारीक पिन चिकटते. नळी लाकडावर टेकवून मूठ दाबली की काडी पिनेला आत सारते, सोडली की स्प्रिंग तिला मागे घेते. ठोका नाही, हादरा नाही. फोटोफ्रेमची काच असलेल्या कामाला यासारखं दुसरं काही नाही.

स्टेपल गनमध्ये हाताचा दाब स्प्रिंगमध्ये साठतो. मूठ आवळताना पातं वर जातं आणि स्प्रिंग दबते. एका ठरावीक जागी अडक सुटते, पातं खाली आपटतं आणि पट्टीतली फक्त पुढची पिन तोडून आत घालतं. मागची छोटी स्प्रिंग दुसरी पिन पुढे आणते. पिन अर्धवट वर राहत असेल तर बहुतेक वेळा दोष आपला असतो, नाक लाकडावर घट्ट टेकवलेलं नसतं. दुसऱ्या हाताने पुढून दाबा.

लाकडी फरशीसाठीचं हातयंत्र याच तत्त्वावर चालतं, फक्त स्प्रिंगच्या जोराऐवजी वरून मोगरीचा घाव असतो. यंत्र फळीच्या कडेवर बसतं, खिळा ४५ अंशांत आत जातो आणि पुढच्या फळीखाली डोकं झाकलं जातं. तिरपा खिळा नेमका त्याच कोनात हजार वेळा मारायचा असेल, तर हाताऐवजी साच्यावर भरवसा ठेवलेला बरा.

नागपूरसाठी एक जादा पायरी

मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशी गाठतो आणि हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं. तंतूंची आवळ सैल पडते, पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगतं आणि या फुगण्या-आकसण्यात खिळ्यांची डोकी वर येतात. महालातल्या जुन्या वाड्यांतल्या सागवानी चौकटी खाचा आणि लाकडी खुंट्यांवर उभ्या आहेत, तिथे खुंटीही लाकडाबरोबरच आकसते, फुगते. आपल्या खोक्याला ती सोय नाही. म्हणून गणपतीच्या आसपास, लाकूड फुगलेलं असताना, सगळ्या डोक्यांवरून एकदा हात फिरवा. वर आलेला खिळा तसाच परत ठोकू नका, त्याचं भोक मोकळं झालेलं असतं आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा वर येईल. तो काढून टाका, बाजूला बोटभर सरकून, रेषा बदलून, आधीच्यापेक्षा अर्धा इंच जास्त लांब खिळा नव्या भोकात बसवा आणि जुन्या भोकात बांबूची काडी गोंद लावून ठोका.