संगणकावर वारली चित्र : तिसरी-चौथीच्या वर्गासाठी पाठाची आखणी

प्राथमिक शाळेच्या संगणक कक्षात चित्रकलेचा तास घ्यायचा म्हटले की मुलांना एमएस पेंट उघडून दिले जाते आणि दोन डोंगर, मधोमध उगवणारा सूर्य, खाली वाहणारी नदी व शेजारी एक घर हे कागदावर शंभर वेळा काढलेले चित्र पडद्यावरही जसेच्या तसे उमटते. नवे साधन हाती आले तरी मुलाने नवे काही पाहिलेले नसते, म्हणून असे होते. पुढे दिलेली आखणी साधारण चार तासिकांची असून तिचा रोख एकाच गोष्टीवर आहे : मुलाने आधी डोळ्यांनी आकार ओळखावा आणि मग संगणकाकडून फक्त तेवढेच काम करून घ्यावे, जे कागदावर करणे वेळखाऊ किंवा अशक्य आहे.

यासाठी वारली शैली निवडण्याचे कारण व्यवहारी आहे. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि सरळ रेषा एवढ्याच भांडवलावर ही चित्रे उभी राहतात, त्यामुळे माउस धरताना अडखळणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या हातालाही ती झेपतात. मात्र आकार सोपे आहेत म्हणून शैली सोपी आहे, असा समज वर्गात होऊ देऊ नये. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत ही चित्रे शेणामातीने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने काढली जात, हे मुलांना अवश्य सांगावे. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर आणून जगभर पोहोचवली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. लग्नाच्या वेळी सवाशिणी ज्यात पालघट देवीचे चित्र काढतात तो लग्नचौक मात्र या पाठात घेऊ नये, कारण तो विधीचा भाग आहे आणि सरावाचा नमुना म्हणून तो वापरणे योग्य वाटत नाही. शेती, मासेमारी, झाडे, पक्षी, तारपा नाच असे विषय पुष्कळ आहेत.

पहिल्या तासिकेत संगणक सुरूच करू नये. मुलांना मैदानात नेऊन एकाला वाकून माती उचलायला, दुसऱ्याला डोक्यावर घागर घेतल्यासारखे चालायला आणि तिसऱ्याला दोरी ओढायला सांगावे. बाकीच्यांनी ते पाहून वहीत केवळ दोन त्रिकोण काढावेत, एक खांद्यापासून कमरेपर्यंत खाली निमुळता होणारा आणि दुसरा त्याच्या टोकाला टोक लावून कमरेखाली रुंदावत जाणारा. माणूस सरळ उभा असेल तर दोन्ही त्रिकोण एका रेषेत येतात. तो वाकला की वरचा त्रिकोण कलतो आणि खालचा जवळजवळ तसाच राहतो. वारली माणसाची सगळी हालचाल या एका सांध्यावर अवलंबून असते. ‘हा माणूस काय करतोय? मग वरचा त्रिकोण कुठल्या बाजूला झुकेल?’ एवढाच प्रश्न शिक्षकाने पुन्हा पुन्हा विचारावा आणि उत्तर मुलांनाच काढू द्यावे.

आता साधनाविषयी. पहिली-दुसरीसाठी टक्स पेंट हे मोफत सॉफ्टवेअर अधिक सोयीचे पडते, कारण ते लहान मुलांसाठीच तयार केलेले आहे, जुन्या संगणकावरही चालते आणि चित्र जतन करताना फाइलला नाव मागत नाही. त्याचे शिक्के वेगळे डाउनलोड करावे लागतात. ते मुळीच बसवू नयेत. तयार हत्ती-घोड्यांचे शिक्के हाताशी असले की मूल रेष काढणे सोडून देते, हे कोणत्याही वर्गात दहा मिनिटांत दिसून येते. टक्स पेंट प्रत्येक चित्राला तारीख आणि वेळ यांवरून नाव देते, त्यामुळे नंतर कोणते चित्र कोणाचे हे कळत नाही. यासाठी मुलांना कोपऱ्यात हजेरी क्रमांक लिहायची सवय लावावी. नाव मराठीत लिहायचे असल्यास जोडाक्षरे नीट उमटतात की नाही, ते शिक्षकाने आधी करून पाहावे.

तिसरी-चौथीसाठी मात्र एमएस पेंट पुरेसे आहे, कारण त्यात चित्राचा भाग निवडून त्याची प्रत काढता येते आणि या पाठाला नेमके तेच हवे आहे. दुसऱ्या तासिकेत पार्श्वभूमी तयार करावी. विंडोज १० मधील पेंटमध्ये रंगांच्या दोन चौकटी असतात. रंग संपादनाच्या खिडकीत लाल १४५, हिरवा ७०, निळा ४० असे आकडे भरले की गेरूच्या जवळचा रंग मिळतो. तो ‘रंग २’ म्हणून ठेवावा, ‘रंग १’ पांढरा ठेवावा आणि रंगाच्या डब्याने, माउसची उजवी कळ दाबून, सारा पडदा गेरूने भरून घ्यावा. ही जुळणी क्षुल्लक वाटली तरी पुढचा सगळा तास तिच्यावर अवलंबून आहे, कारण पेंटमधला खोडरबर पुसत नाही, तो ‘रंग २’ फासतो. तिथे पांढरा रंग राहिला तर चुकलेली रेष खोडताच गेरूवर पांढरे खिंडार पडते आणि मूल गोंधळून जाते.

माणूस काढताना आकारांच्या यादीतला तयार त्रिकोण वापरू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो काटेकोर असतो, पण एका वर्गाने काढलेली तीस माणसे एकाच साच्यातून निघाल्यासारखी दिसू लागतात. ब्रशने हाती त्रिकोण काढावा, तो डब्याने पांढरा भरावा, वर डोक्यासाठी छोटा गोल काढावा आणि हातापायांच्या रेषा शेवटी घ्याव्यात. त्रिकोणाच्या बाजूंत केसाएवढी फट राहिली तरी रंग बाहेर सांडून सारा पडदा पांढरा होतो. कंट्रोल आणि झेड दाबून तो परत आणता येतो. पण लगेच परत न आणता फट कुठे राहिली असेल ते मुलाला शोधायला लावावे. आकार बंद असणे म्हणजे काय, हे भूमितीच्या तासाला फळ्यावर सांगून जितके पटत नाही तितके इथे पटते.

परत फिरण्याच्या या सोयीला थोडी वेसण मात्र हवी. प्रत्येक रेषेनंतर मागे जाणारे मूल पंधरा मिनिटांत एक डोकेसुद्धा पूर्ण करत नाही. पहिली पाच मिनिटे काहीही पुसायचे नाही असा नियम केला, तर हात मोकळा होतो.

संगणक कमी असल्यास एका यंत्रावर दोघांना बसवावे. एकाने काढावे, दुसऱ्याने वहीतले रेखाटन हातात धरून कुठला त्रिकोण किती कलला पाहिजे ते सांगावे आणि दर सात-आठ मिनिटांनी जागा बदलाव्यात. वहीशी ताडून सांगणाऱ्या मुलाची नजर काढणाऱ्यापेक्षा लवकर तयार होते, असे बरेचदा आढळते. पडद्यासमोरचा वेळ तासिकेत वीस मिनिटांहून जास्त असू नये.

तिसरी तासिका तारपा नाचाची. वाळलेला दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांपासून बनवलेला तारपा वाजवणारा मध्यभागी असतो आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची एकमेकांच्या कमरेभोवती हात टाकलेली लांब साखळी गोल फिरत जाते. कागदावर वीस माणसे काढताना मुलांचा धीर सुटतो, म्हणून इथे प्रत काढण्याची सोय कामाला येते. निवडण्याच्या यादीतील ‘पारदर्शक निवड’ हा पर्याय सुरू करावा, म्हणजे ‘रंग २’मधला गेरू प्रतीबरोबर येत नाही आणि शेजारच्या माणसाचा हात झाकला जात नाही. मात्र मुलांनी फक्त डोके आणि दोन त्रिकोण यांचीच प्रत काढावी. हातपाय प्रत्येक माणसाला नव्याने काढावेत. विंडोज १० मधल्या पेंटमध्ये निवडलेला भाग ९० अंशांच्या पटीतच फिरतो, त्यामुळे वर्तुळावर ठेवलेल्या सगळ्या प्रती ताठ उभ्या राहतात आणि नाच नाचासारखा दिसत नाही. ही उणीव पाठाच्या पथ्यावर पडते. ‘हे लोक नाचतायत की प्रार्थनेला उभे आहेत?’ असे विचारले की मुले स्वतःच काही प्रती पुसून कललेले त्रिकोण हाताने काढू लागतात, कोणाचा पाय उचलतात, एखाद्याला साखळीतून जरा मागे पाडतात. प्रतीने संख्या मिळते, नाच मात्र प्रत्येक माणसात केलेल्या फरकातून येतो, हे त्यांना चित्रातच दिसते.

चित्र प्रत्येक तासिकेनंतर वेगळ्या नावाने आणि पीएनजी स्वरूपात जतन करावे. जेपीजीत जतन केलेल्या चित्रात रेषांच्या कडेला मळकट ठिपके येतात आणि पुढच्या वेळी डब्याने रंग भरताना कडा पांढऱ्या-तपकिरी राहतात. संगणकावरच्या तासिकांच्या फाइली शेजारी ठेवून मुलाला काय बदलले आणि का बदलले ते सांगायला लावावे. गुण द्यायचेच असतील तर ते या बोलण्याला द्यावेत, सफाईला नव्हेत, कारण सफाईतला निम्मा वाटा यंत्राचा असतो.

चौथ्या तासिकेत मुलांनी आपल्या परिसरातला प्रसंग स्वतः रचावा. एसटीची वाट पाहणारी माणसे, नळावरची रांग, शाळेच्या पोषण आहाराची पंगत यांपैकी काहीही चालेल. बस किंवा मोबाइल टॉवर वारली चित्रात कसा बसेल, अशी शंका काही शिक्षक काढतात; पण आजचे वारली चित्रकारही आगगाडी आणि विमाने काढतात, तेव्हा मुलांना अडवण्याचे कारण नाही.

प्रदर्शन भरवायचे असल्यास छपाईचा विचार आधी करावा. कार्यालयातला साधा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही. तो भोवतालचा गेरू छापतो आणि माणसांच्या जागा कोऱ्या सोडतो, त्यामुळे एका पानाला भरमसाट शाई जाते आणि कागद ओलसर होऊन वाकतो. त्याऐवजी चित्रे प्रोजेक्टरवर दाखवावीत, किंवा वेळ असल्यास गेरू फासून वाळवलेल्या जाड कागदावर पांढऱ्या पोस्टर रंगाने आणि टोक ठेचलेल्या काडीने मुलांनी आपलेच पडद्यावरचे चित्र पाहून पुन्हा काढावे. या दुसऱ्या मार्गाला एक तासिका जादा लागते आणि तालुक्याच्या प्रदर्शनासाठी मांडायला खरे चित्र हाती येते.