‘एक्झ्यूड’चं मराठी करताना

भाषांतराच्या मजकुरात ‘एक्झ्यूड’ (exude, आतलं काही हळूहळू बाहेर सोडणे) हे इंग्रजी क्रियापद दिसलं की मी शब्दकोश उघडण्याआधी मनात ‘घाम’ म्हणते. लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘सूदारे’ म्हणजे घाम येणे. या जोडीतून हे क्रियापद सोळाव्या शतकात इंग्रजीत आलं. इंग्रजी ‘स्वेट’ आणि संस्कृत ‘स्वेद’ही त्याच मुळाचे, म्हणजे शब्द अगदीच परका नाही.

आता घाम कसा येतो ते आठवा. धार लागत नाही. बारीक छिद्रांतून थेंबाथेंबाने, अंगभर येतो. म्हणून ‘ओसंडणे’ नको, त्यात भांडं भरून वर सांडणं आलं. ‘झिरपणे’ही जरा बिचकतच वापरा, ते बरेचदा आत किंवा खाली जाणारं असतं. मडकं पाझरतं ना, तसं ‘पाझरणे’ इथे चपखल बसतं. ‘उत्सर्जित करणे’ मी एकदा जखमेबद्दल लिहिलं होतं. संपादकांनी समासात एवढंच विचारलं, ‘जखम की कारखाना?’

मग वाक्य फिरवा. खरी मेहनत इथे आहे. इंग्रजीत झाड कर्ता असतं आणि ते डिंक ‘एक्झ्यूड’ करतं. मराठीत झाड काही करत नाही, झाडाला डिंक येतो. जखमेतून लस येते. कर्त्याला ‘ला’ किंवा ‘तून’ लावा आणि बाहेर येणाऱ्या वस्तूला कर्ता करा, निम्मं काम झालं.

माणसाबद्दल असेल तर पाझरणंही सोडून द्या. आत्मविश्वास ‘एक्झ्यूड’ करणारी बाई मराठीत आत्मविश्वास पाझरवत नाही. तिच्या चालण्याबोलण्यातून तो जाणवतो.

वैद्यकीय मजकुरात मात्र हात आखडता घ्या. तिथे ‘एक्झ्युडेट’ म्हणजे दाहामुळे केशवाहिन्यांच्या भिंती सैल होऊन बाहेर आलेला, भरपूर प्रथिनांचा द्रव. दाबाच्या बिघाडामुळे आलेला, कमी प्रथिनांचा द्रव तो ‘ट्रान्सुडेट’. दोन्हींना नुसतं ‘पाणी’ म्हटलंत तर निदानच बदलेल. मूळ संज्ञा देवनागरीत ठेवा आणि अर्थ एकदा सांगून टाका.

‘एमनेट’शीही (emanate, कुठूनतरी निघणे) गल्लत होते. ते लॅटिन ‘मानारे’, म्हणजे वाहणे, यातलं. तिथे घाम नाही, उगम महत्त्वाचा: वास कुठून येतोय, आवाज कुठून, हुकूम कुठून सुटला. रेडियममधून निघणाऱ्या वायूला, म्हणजे आजच्या रेडॉनला, पूर्वी ‘एमनेशन’च म्हणत. त्यामुळे ‘एमनेट’ला मी बहुतेक वेळा साधं ‘येणे’ किंवा ‘निघणे’ लावते.